लाखेचा ठिपका

मुलांनो, परवा फोनवर रेवा म्हणाली, "आजी, नवीन मशीन घेतलंय, पण वीतभर शिवलं की दोरा तुटतो. इथे विचारू तरी कोणाला?" उत्तर दोन ओळींत सांगता येईल. पण ते मला ज्यांच्याकडून मिळालं, त्या माझ्या आतोबांना, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांना, ओळखणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून दोन ओळींवर भागवत नाही.

जन्मात एक टाका न घालता शिवणयंत्रांचा धन्वंतरी म्हणून मिरवलेला माणूस साऱ्या मुंबईत एकच झाला, आणि तो गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. आतोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. शर्टाचं बटण तुटलं तर ते आत्यापुढे असं धरत, जणू तिनेच तोडलंय. पण कोणाचं मशीन दोरा तोडतंय असं कानावर आलं, की चहा अर्धा टाकून उठत. कोटाच्या एका खिशात मशीनच्या तेलाची कुपी, दुसऱ्यात कचरा झाडायचा जुना टूथब्रश. गेल्या गेल्या मशीनला हात लावणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. आधी रीतसर चौकशी. खालच्या मजल्यावरच्या दळवीबाईंना त्यांनी विचारलं, "शेवटचं कोण बसलं होतं? बसताना मनःस्थिती कशी होती?" दळवीबाई म्हणाल्या, "मनःस्थिती कसली भावोजी, परकराचा नेफा शिवत होते!" अर्ध्या तासाने सुनेने बसवलेली सुई उलटी निघाली. पण "सुई उलटी आहे" एवढ्यावर थांबले तर ते आतोबा कसले? चष्मा पुसत ते म्हणाले, "या घरात कोणीतरी फार घाईत आहे." दळवीबाईंची सून त्यानंतर कित्येक दिवस त्यांना जिन्यात ओळख देत नव्हती. बॉबिनखालचा कचरा तर ते कागदावर काढून घरभर फिरवून दाखवत. "बघा, काय काय खात होतं बिचारं!"

शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके आले, की बायका बॉबिनला बोल लावत. आतोबांना ते खपत नसे. "खाली गुंता दिसला की वर बघायचं. वरचा दोरा ढिला, तर गुंता खाली. वरचा ताण जास्त, तर दोरा तुटतो. खालच्याने काय करावं?" ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. गॅलरीतून कोणीतरी हटकून विचारी, "वरचा म्हणजे दिल्लीचाच ना, साहेब?" की आतोबा घाईघाईने म्हणत, "मी फक्त मशीनबद्दल बोललो." संयुक्त महाराष्ट्र हे शब्द ते घरातसुद्धा खिडकी लावून उच्चारत.

अशा माणसाच्या बायकोने मोर्चाचा फलक शिवायचं अंगावर घेतलं. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होते. मोर्चा संध्याकाळी होता. रविवार असल्यामुळे आतोबा घरी होते. मी तांबड्या कापडाची अक्षरं कापून द्यायची आणि आत्याने ती मांजरपाटावर शिवायची, असं चाललं होतं. 'संयुक्त'पर्यंत सगळं ठीक गेलं. 'महाराष्ट्र' सुरू झाला आणि दोरा तुटायला लागला.

"अहो, जरा बघा ना."

"हवा दमट आहे. सुताला मानवत नाही," आतोबा पेपरातून म्हणाले. मग उठले, मशीनपाशी घुटमळले, हात लावल्यासारखं केलं आणि परत बसले. दोरा आणखी लवकर तुटला. "सुई बदल." बदलली. "रीळ जुनं दिसतंय." आत्याने दळवीबाईंकडून नवं आणलं. दर खेपेला आतोबा येऊन बघून जात आणि दर खेपेला मशीन जास्तच बिघडे. परक्यांकडे चहा टाकून धावणारा हा धन्वंतरी स्वतःच्या घरात रोग्याची प्रकृती बिघडवत होता.

शेवटी आत्याचे पाय थांबले. तिने तुटलेल्या टोकापासून दोऱ्यावरून नजर वर वर नेली. सुई, मग ताणाचा स्क्रू, आणि मग नवरा.

"वरचा ताण जास्त, तर दोरा तुटतो. हा स्क्रू कोणी पिळला?"

पेपर हलला नाही. त्यामागूनच आवाज आला, "मागच्या खेपेला लाठ्या चालल्या. फलक झाला नाही तर तू घरी राहशील, असं वाटलं."

"रिकाम्या हातांनी जाईन. मग काय, माझे हातही पिळून ठेवणार आहात?"

आतोबा उठले. स्क्रू सैल केला, जाड सुई घातली, चिंधीवर टाके घालून पाहिले. हो, टाके! आयुष्यातले पहिले. मग टेबलाच्या खणातून मोहोर लावायची लाख काढली, मेणबत्तीवर वितळवली आणि स्क्रूच्या मुठीवर नेमक्या जागी तिचा ठिपका दिला. "याच्यापुढे कोणी पिळायचा नाही," ते म्हणाले. आणि मेणबत्ती विझवून, "मीसुद्धा."

संध्याकाळी फलकाची एक काठी आत्याकडे होती, दुसरी माझ्याकडे. समोरच्या फुटपाथवरून, पाऊस नसताना हातात छत्री घेऊन, आमच्याच चालीने आतोबा चालले होते. कचेरीतलं कोणी भेटलंच, तर "बायको बाजाराला निघालीय, जरा लक्ष ठेवतोय" असं सांगायचं त्यांनी घरूनच ठरवलं होतं. त्या दिवशी लाठ्या चालल्या नाहीत. आत्या घोषणा देई तेव्हा समोरच्या फुटपाथवर त्यांचे ओठ हलत. ते मी पाहिलं. तिला कधी सांगितलं नाही. तिनेही ते पाहिलं असणारच.

तर रेवा, आधी सुई सुलटी आहे का बघ. कापड दाबून धरणारा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओव. तरी तुटला तर स्क्रू थोडा सैल कर, आणि मशीनभोवती कोण घुटमळतंय तेही बघ.

आतोबा गेले, मागोमाग आत्याही गेली. फलकाच्या पिशव्या झाल्या आणि वापरून वापरून विरल्या. मशीन दादरला माझ्या खिडकीपाशी आहे. लाखेचा ठिपका अजून जागच्या जागी आहे, आणि दोरा तुटत नाही.