भाऊंच्या आईचं स्तोत्र

मुलांनो, नव्वदच्या आसपास धुळ्यात माझ्या शाळेच्या वाटेवर बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थ होते. नाव मी कधी विचारलं नाही; सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणे. त्यांची म्हातारी आई दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची.

ती गेली आणि भाऊंनी, त्यांच्यातल्या दुखवट्याच्या रीतीप्रमाणे, वर्षभर वाजवणं सोडलं. पेटीचा एकेक सूर जुळवत, पण गाणं गिऱ्हाइकालाच वाजवून बघायला सांगत. रोज सकाळी मात्र टोपी घालून एक हिब्रू स्तोत्र हळू आवाजात गात.

"आईसाठी खरं तर कद्दीश म्हणायचा, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना," ते मला म्हणाले. "पण त्याला आमच्यातले दहा पुरुष लागतात. इथे मी एकटा."

शेजारच्या शिंप्याने हे ऐकलं. दुसऱ्या सकाळी तो सात जणांना घेऊन हजर!

"भाऊ, आम्ही बठ्ठा उनूत. म्हना आते!" सगळे आलोत, आता म्हणा, असं तो अहिराणीत सांगत होता.

मी मोजले. भाऊंसह नऊच. मग दहावी मी उभी राहिले.

भाऊ हसले, मग त्यांनी डोळे पुसले. "नियमाने तुम्ही कोणीच चालत नाही. कद्दीश मी मुंबईला जाऊनच म्हणेन. पण थांबा. आई तुम्हा सगळ्यांना ओळखत होती."

आणि त्यांनी स्तोत्र मोकळ्या आवाजात गायलं.

त्यानंतर आम्ही रोज जमलो. मी घरून दहा मिनिटं लवकर निघू लागले. वर्ष सरलं त्या सकाळी भाऊंनी पेटी पुढे ओढली आणि तीच चाल वाजवली. गायलो आम्ही नऊ जण, एकही शब्द न चुकता.