पुलाच्या तोंडाशी बसलेला रस्ता

मला एका जागी बसवत नाही. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग सल्लागार ऑफिसात माझी खुर्ची निम्मा दिवस रिकामीच असायची. साहेब म्हणायचे, "तुमच्या पायाला भिंगरी आहे, तुम्हीच जा अकोल्याला." अकोल्यात ट्राम सुरू करायची होती, म्हणजे निदान कागदावर तरी. मोर्णा नदीवरच्या एका जुन्या पुलावरून ती जाऊ शकेल का, हे मी तपासायचं होतं. माझ्या सहीने जाणारं हे पहिलंच काम. ट्राम मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, कोलकात्यात, आणि तेव्हापासून ती आपल्याकडे हवी असं वेडच डोक्यात बसलं होतं. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत.

पुलाचं आणि रुळाचं मुळात पटत नाही. उन्हात पूल लांबतो, थंडीत आखडतो, म्हणून त्याच्या तुकड्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात. बसची चाकं त्या फटींवरून धडधडत निघून जातात. रूळ मात्र सलग हवा. तोही तापतो, पण पुलाच्या मापाने नाही. शिवाय रूळ पुरायचा तर स्लॅबला जाडी हवी, आणि जाडी वाढवली की जुन्या खांबांवर वजन वाढतं. या सगळ्यावर मी आठवडेच्या आठवडे खपले. सरकते सांधे बसवले, कमी उंचीचा रूळ शोधला. पूल संपून रस्ता सुरू होतो तिथली पातळी जानेवारीत दोन दिवस मोजली. दोन्ही बाजू अगदी सारख्या. "पुलाच्या तोंडाशी अडचण नाही," असं लिहून मी ऐटीत सही ठोकली.

मे महिन्यात अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण ठरलं. आदल्या दुपारी काही काम नसताना मी पुलावर गेले. लॉजवर जीव रमेना. पुलाच्या टोकाला एक काका उसाच्या रसाची गाडी लावतात. गाडीची दोन चाकं पुलावर, दोन रस्त्यावर. रस्त्याकडच्या चाकांखाली ते लाकडाच्या फळ्या सरकवत होते.

"फळ्या कशाला, काका?"

"रस्ता बसला नं. उन्हायात दोन-दोन लागतात. पावसायात रस्ता फुगते, मंग एकही लागत नाई."

"आणि पूल?"

"पूल काहून हालन? तो खडकावर हाय. तुमी थंडीत तीन पायाची मशीन लावून काय मोजून राहिल्या होत्या मंग?"

मी तिथेच वाकून टेप लावला. चांगला दोन बोटं फरक होता. खडीवरचा रूळ बसला तर खाली खडी ठोकून उचलता येतो. रस्त्यात काँक्रीटने गाडलेला रूळ कसा उचलणार? तो वाकणार, नाहीतर तुटणार, आणि वर माणसांनी भरलेला डबा.

तेल्हाऱ्याला बाबांना फोन लावला. ते कापूस पिकवतात. ऐकून आधी पोटभर हसले.

"तू काया मातीतली पोरगी! वावरातल्या भेगीत तुई चप्पल गेली होती, याद हाय का? अन् मोजाले गेली जानेवारीत? तवा जमिनीत ओल रायते, बाई."

मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा. काखेत कळसा अन् गावाला वळसा. काळी माती फुगते आणि आक्रसते यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती.

साहेबांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, "उद्या काही बोलू नका. दुरुस्ती मागाहून जोडू. पहिल्याच कामात नाव घालवाल." सल्ला मायेचा होता, हेच वाईट. गप्प बसले असते तर माझं नाव राहिलं असतं आणि बहुधा मंजुरीही मिळाली असती. संध्याकाळभर लॉजच्या गच्चीवर फेऱ्या मारल्या. चहा मागवला आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात उभी राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "जानेवारीतलं माप मी घेतलं होतं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे." साहेबांनी मान खाली घातली. पुलाच्या दोन्ही तोंडांची काळी माती खोलवर काढून न फुगणारा मुरूम भरावा लागेल, त्यासाठी पूल निदान वर्षभर बंद ठेवावा लागेल, हेही सांगितलं. पूल बंद म्हणताच कुजबुज सुरू झाली. एवढा काळ तो बंद ठेवायला कुणीच तयार नव्हतं. एक अधिकारी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "थोडक्यात सांगा मॅडम. ट्राम होणार की नाही?"

"या पुलावरून नाही," मी म्हटलं. त्यांनी फाईल मिटली, कुणीतरी चहा आणायला सांगितलं. त्या सभागृहात ट्राम मनापासून हवी असलेली मी एकटीच होते.