कौसल्यामायची सकाळची हजेरी

सगळ्यात आधी कौसल्यामायचं नाव लिहिते. काय घडलं ते मागाहून सांगता येईल, पण तिचं नाव मागे राहिलं तर माझ्या जिवाला चैन पडणार नाही. ती माझ्या नात्यातली नाही. आमच्या वस्तीत विहारापासून तिसरं घर तिचं. मी आज घरापासून इतकी लांब आहे ती तिने मला घराबाहेर काढलं म्हणून.

निघाले त्या सकाळी ती मला सोडायला आली नाही. अमडापूरकडून येणाऱ्या गाडीसाठी मी बॅग घेऊन फाट्यावर उभी होते. फाट्यावरून वस्ती हाकेच्या अंतरावर. तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. ती हजेरीला निघाली होती. एकेका दारापुढे थांबून "जय भीम" म्हणायचं, आतून "जय भीम" आला की पुढच्या दाराकडे वळायचं. आमच्या घराला मी नुकतंच कुलूप लावलं होतं. तिथेही ती थांबली. "संगे, जय भीम!" मग माझ्या वाटचं उत्तर तिनेच दिलं, "गेली ते. बरं झालं." एवढ्यात गाडी आली. मी चढले आणि मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

माझं नाव संघमित्रा, वस्तीत सगळ्यांची संगी. तुम्ही जे अजून वस्तीत आहात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. शाळा नववीत सुटली, तेव्हा चुका पोटात घाला.

बाहेर पडलेल्यांना हजेरी ठाऊक नसेल. सतरा घरांची आपली वस्ती. पोरं पुण्याला, सुरतला कंपन्यांत गेली, मागून सुना गेल्या, नातवंडं गेली. दहा घरांना कुलपं लागली. सात उरली, आणि त्या सात घरांत साठीच्या आतली मी एकटी. आई मी पाचवीत असताना वारली. मी नववीत असताना बाबांच्या अंगावरून लकवा गेला. मला शाळा सोड असं कोणीच म्हणालं नाही. फक्त सकाळी बाबांना उठवून बसवायला दुसरं कोणी नव्हतं. सहामाही झाली आणि मी अमडापूरच्या हायस्कुलात गेले नाही.

त्याच वर्षी देवराम बाबा गेले. एकटे राहायचे. दोन दिवस दिसले नाहीत तेव्हा सगळ्यांना वाटलं, मेहकरला लेकीकडे गेले असतील. तिसऱ्या दिवशी दार काढलं. आत काय होतं ते लिहीत नाही. माती देऊन आल्यावर कौसल्यामाय विहारासमोर उभी राहून म्हणाली, "मरण काही कोणाले चुकत नाई. पण दोन दोन दिवस कोणाले पत्ता नाई, असं नको. उद्यापासून हजेरी." मग माझ्याकडे वळली. "संगीची शाळा सुटली नं? मंग शाळाच इकडे आणू." त्या दिवशीही लोक हसले. मीही हसले. पंधरा वर्षांची होते, मला तो मान वाटला.

रोज सकाळी सहाला मी निघायची. पहिलं दार सखाराम बाबांचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात सालदारकी केलेला माणूस, पण सरळ उत्तर कधी दिलं नाही. "हजर हो बाई, आज मारू नका," म्हणायचे. कधी म्हणायचे, "थांब, पायतो. हाव, हाये अजून." पुढच्या घरात नवरा-बायको. दोघांनी मिळून एक उत्तर द्यायचं की दोन, यावर त्यांचं रोज भांडण. गिरजामायला ऐकू येत नाही. ती मी यायच्या आधीच आतून टिनाच्या दारावर काठी हाणत बसायची, म्हणजे सगळ्यात दूरच्या घराची हजेरी सगळ्यात आधी लागायची. विहाराच्या भिंतीच्या विटा तिने डोक्यावर वाहिलेल्या. भिंतीला कोणी पाय लावून टेकलं की अजून ओरडते, "पाय काढ बे, माह्या विटा हायेत त्या!" आणि कौसल्यामाय दाई. बाहेर गेलेल्यांनो, तुमच्यातल्या निम्म्यांना जगात आल्यावर पहिला हात तिचाच लागला.

हजेरी दहा मिनिटांची, पण ती दहा मिनिटांवर थांबली नाही. जिथे उत्तर मिळालं तिथे कामही मिळालं. सुईत दोरा ओवून दे, मोबाईलवर काय आलं वाचून दे, गोळी लाल आधी की पांढरी ते सांग, पायाची नखं काढ. मी सात घरांचे डोळे झाले. जळगाव जामोदला चुलत बहिणीचं लग्न होतं तर मंगल परिणय लागल्याबरोबर मी परतीच्या गाडीत. मुक्काम कसा करणार? सकाळी कोणाचं दार उघडलं नाही तर? वस्तीबाहेर मी सात वर्षांत एकदाही झोपले नाही. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. सगळे मायेनेच बोलायचे. मायेनं धरलेला हात सोडवायचा कसा, ते मला कळत नव्हतं. कधी कधी हाक दिल्यावर उत्तर यायला क्षणभर उशीर व्हायचा आणि त्या क्षणात माझ्या मनात यायचं, की चला, एक घर कमी झालं. मग आतून "जय भीम" यायचा आणि मला स्वतःची भीती वाटायची.

हे कौसल्यामायला कसं कळलं ते मला माहीत नाही. माझे बाबा गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि ती ओट्यावर माझ्याजवळ बसली.

"आता तू जाय," म्हणाली.

"कुठी जाऊ?"

"माह्या बहिणीची नात बंगलोरले म्हाताऱ्या लोकायले पाह्याच्या कामावर हाये. तिच्याशी बोलली मी."

"अन् हजेरी?"

"मी घेईन."

"माय, तुले दिसत कुठी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू."

"दारं मोजता येते मले. अन् उत्तर कानानं ऐकतात वं, डोळ्यानं नाई."

मी निघायच्या आठ दिवस आधी तिने हजेरी हातात घेतली. मी मागे मागे चालायची, ती हाताने भिंती चाचपत पुढे. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी सखाराम बाबांच्या दारातून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी हाक मारायचं विसरून दार ढकलायला लागले. आतून कडी. गिरजामायचा पुतण्या त्या दिवशी आलेला होता, त्याने आणि मी मिळून दार बिजागरीतून उचलून बाजूला काढलं. आत सखाराम बाबा भिंतीला टेकून चहात शिळी भाकर कुस्करून खात होते.

"बुढ्या!" कौसल्यामाय ओरडली. "तोंडाले कुलूप लागलं का तुह्या?"

"तुले काऊन उत्तर देऊ? माही हजेरी संगी घेते."

"संगी चालली."

"मंग मी मेलो तं कोण पाह्यन?"

"मी पाह्यन. चांगले डोळे फाडून पाह्यन."

"तुले दिसते कुठी आंधळे?"

सगळे हसले. सखाराम बाबा हसले नाहीत. माझ्याकडे न बघता त्यांनी ताटली खाली ठेवली. मी तिथेच म्हणून टाकलं, मी नाही जात. कौसल्यामायने माझं मनगट धरलं, बाहेर आणलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर रागावली. "तुही आई जीव सोडताना माह्या मांडीवर होती. पोरीले शिकवजो म्हणे. मी तुले हजेरीले लावलं. मी चुकली, संगे. आता पुन्हा नको चुकवू मले." असं मोठं माणूस माझ्यापुढे चूक कबूल करतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

तर असं मी इथे आले. चार वर्षं झाली. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी ज्या अम्मांना सांभाळते त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, अंथरुणावर. ड्यूटी चोवीस तासांची, रविवारी अर्धा दिवस सुट्टी. गेटमधून बाहेर पडायचं तर मॅडमच्या, म्हणजे अम्मांच्या सुनेच्या, मोबाईलवर विनंती जाते, त्यांनी हो केलं की वॉचमन फाटक उघडतो. खिडक्यांना कबुतरांची जाळी. अम्मा झोपतात तेव्हा माझा हात धरून झोपतात आणि मी उठायला लागले की कानडीत म्हणतात, "होगबेडा." जाऊ नको. हा त्यांच्या भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द.

माणसं वाईट नाहीत. खोटं कशाला लिहू? मला जेवायला वेगळं ताट नाही, आणि ट्रेनिंगला मॅडमनेच पाठवलं. मोडक्या अंगाचं माणूस एकटीने कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशा कुठे लावायच्या, खुर्चीत कसं घ्यायचं, सगळं इथे शिकले. पहिल्या महिन्यात शिकताना रडू आलं. बाबांची पाठ आठवली. तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं.

रोज सकाळी साडेसहाला कौसल्यामायचा मिस्ड कॉल येतो. एक रिंग म्हणजे सगळ्या दारांतून उत्तर आलं. ती एक रिंग होईपर्यंत मी चहा घेत नाही. अम्मांना पुसताना मोबाईल एप्रनच्या खिशात ठेवते, पुन्हा पुन्हा चाचपते. या पावसाळ्यात एका सकाळी रिंग आली नाही. पावणेसात. सात. मी लावला तर वाजून वाजून बंद. सखाराम बाबांचा फोन बंद, ते तो डब्यात घालून ठेवतात. मॅडम आठला उठल्या. मी म्हटलं, मला गावी जावं लागेल. त्या म्हणाल्या, "झालंय काय?" फोन वाजला नाही, एवढंच मी सांगितलं. "बदली बाई मिळेपर्यंत अम्मांना कोण बघेल, संघमित्रा?" त्यांचंही खरं होतं. मी जाळीपाशी जाऊन उभी राहिले. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

दहाला सखाराम बाबांचा फोन आला. रडत होते. कौसल्यामाय पहाटे न्हाणीपाशी शेवाळावरून घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. हजेरी आली नाही हे सखाराम बाबांच्या लक्षात आलं होतं. पण त्यांना वाटलं, ती रुसली. "मी रुसलो होतो नं त्या वख्ती, त्याचा बदला काढून राह्यली असं वाटलं मले. म्हणून मीबी नाई गेलो. तास दीड तास बसून राह्यलो, संगे. बुढी तिकडे पाण्यात पडून." शेवटी गिरजामाय दारावर काठी हाणून हाणून थकली आणि बाहेर येऊन बघायला गेली. जिला हाक ऐकू येत नाही तिलाच आधी कळलं.

ऑपरेशन झालं, ती आता घरी आहे, खाटेवर. गिरजामाय भरवते. हजेरी सखाराम बाबा घेतात आणि रोज पहिली हाक तिच्या दाराला मारतात. त्या दीड तासाबद्दल ते पुन्हा कोणाजवळ बोलले नाहीत.

ती घरी आली त्या दिवशी मी फोनवर सांगितलं, "माय, बदली बाई मिळाली की मी येतो. कायमची येतो."

ती म्हणाली, "नको येऊ वं."

"काऊन?"

"तवा मी धडधाकट होती म्हणून तुले सोडू शकली. आता मीच पडली. आता तू आली तं मी तुले सोडणार नाई. माह्या मनाचा मले भरोसा नाई राह्यला, संगे. म्हणून सांगतो, नको येऊ."

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. फोन ठेवला आणि स्वतःची लाज वाटली. मग अम्मांच्या पाठीला पावडर लावताना एकाएकी लक्षात आलं, की तिकडे तिची पाठ कोण बघतं? गिरजामायच्या हातात वळवायची ताकद नाही.

बाहेर गेलेले तुम्ही वस्तीच्या ग्रुपवर लिहिता, घर म्हणजे आपली माती, आपली बोली. असेल. मला घर म्हटलं की भीतीच वाटते. तिथे मी नसले तर कोणाचं तरी अडतं, आणि तिथे असले तर माझं अडतं. इथेही तसंच. पण एका माणसाने मला धरून ठेवता येत असताना सोडलं. ते माणूस जिथे खाटेवर पडून आहे, ते माझं घर.

कौसल्यामाय, हे सखाराम बाबांना वाचता येत नाही, पण कोणी तरी तुला वाचून दाखवेलच, म्हणून इथेच सांगते. मॅडमशी बोलले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास महिनाभराची बदली बाई येईल म्हणतात. नाही आली तर त्याच्या पुढच्या महिन्यात, नाही तर त्याच्याही पुढे, पण मी येईन. तुझी पाठ रोज दोनदा बघीन. तुला कुशीवर वळवायचं कसं, ते गिरजामायला आणि सखाराम बाबांना माझ्या हाताने शिकवीन, ते चिडले तरी शिकवीन. तुला उचलून ओट्यावर उन्हात बसवीन. महिना संपला की तू मला धरशील. धर. तेव्हा तुझा हात मी माझ्या हाताने सोडवीन, सावकाश, दुखू न देता. एवढं तरी तुझं माझ्याकडून फिटावं, माय.