कमानीला पूल म्हणू नये

वाळवंट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर उंट आला असणार. त्याला परत पाठवा. माझ्या गोष्टीत उंट नाही, इंग्लंडातल्या रीडिंग गावचे डॉक्टरकाका आहेत आणि त्यांच्याइतकं वाळवंटावर प्रेम उंटानेही कधी केलं नसेल. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. काकांनी जन्मभर इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर तेच काम स्लाइड-शो दाखवून चालू ठेवलं. दरवर्षी ते अमेरिकेच्या वाळवंटातली नॅशनल पार्कं बघायला जात आणि पेटी भरून दगडांचे फोटो आणत. प्रत्येक दगडात त्यांना एक नातेवाईक दिसायचा. पोट सुटलेला लाल खडक म्हणजे नानामामा, आणि एका टोकावर तोल सांभाळून बसलेला धोंडा म्हणजे सासरी आलेली काकू. काकू एकदाच सोबत गेल्या होत्या. त्यांनी गाडीत बसून चिवडा संपवला आणि म्हणाल्या, "नानामामा कल्याणलाच बरे होते."

रीडिंगच्या रिपरिप पावसात काका रुंद काठाची टोपी घालून आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला जात. वाळवंटात पाणी संपलं की माणूस संपतो, असं ते छत्रीखालून सांगत. पण त्यांचा खरा जीव एकाच गोष्टीत होता. खालून पाणी वाहून दगड कोरला गेला तर तो पूल, आणि पावसाने, हिमाने झिजून आरपार भोक पडलं तर ती कमान. यात चूक करणाऱ्याला ते दुसरा चहा देत नसत.

मी मूळचा फलटणचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्लेला. काकांचं खाकरणं आणि "आता इथे... जरा थांबू या" मी स्वयंपाकघरात काकूंना करून दाखवायचो. काका बाहेर असताना, अर्थात.

त्या वर्षी गुडघ्यांनी संप केला आणि काकांनी ट्रिपा संपल्याचं जाहीर केलं. शेवटच्या स्लाइड्स लंडनला वेम्बलीच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या जेवणानंतर दाखवायच्या ठरल्या. याआधी दोनदा लोक काळोखाचा फायदा घेऊन पार्किंगमध्ये पसार झाले होते. यावेळी तरी त्यांनी शेवटपर्यंत बसावं, एवढीच काकांची इच्छा. आणि नेमका त्या दिवशी त्यांचा घसा बसला. साधा 'हं'सुद्धा फुटेना.

काकू माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "तू ह्यांचा आवाज काढतोस ना? काढ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला फलटणची छडी आठवली. मग त्यांनी मुकाट्याने प्रोजेक्टर सुरू केला. मी खाकरलो. "आता इथे... जरा थांबू या." हॉल खदखदून हसला. नानामामाला टाळ्या पडल्या. एकही माणूस उठला नाही. त्या जोशात मी म्हणालो, "आणि या पुलावरून आमच्या नानामामाची वरात गेली." काकांनी काठी तीनदा आपटली. लोकांना तोही कार्यक्रमच वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

परतताना मोटरवेवर काकांनी घोगऱ्या कुजबुजीत मला झाडायला सुरुवात केली. काकू म्हणाल्या, अहो, घसा. पण ते थांबले नाहीत. "नक्कल केलीस, कर. पण कमानीला पूल? आता हॉलभर माणसांना जन्मभर वाटणार, तिथून नदी गेली होती. म्हण, कमान."

"कमान," मी म्हणालो.

काकांनी काठी एकदा आपटली.

"तुझ्या नको," ते कुजबुजले. "माझ्या आवाजात म्हण."