भिंतीवरची अनाथ

सुचेता साळवेशी वाद घालून लंडनजवळच्या हॅरोच्या त्या लहानशा चॅपलमधून कुणी जिंकून बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. चाळीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेली बाई. हात धुतले का, हे तिनं विचारायच्या आत सर्जन आपणहून सांगून टाकत. नगरच्या ख्रिस्ती घराण्यातली, मिशनचा अभिमान आजोबांपासूनचा. चॅपलची एक अख्खी भिंत तिनं नोकरीत असतानाच ताब्यात घेतली होती.

त्या भिंतीवर अल्बेनियातल्या मिशनचा इतिहास होता. डोंगरातून बायबलं विकत हिंडणारे जुने लोक, मग कोर्चा गावातली मुलींची शाळा. हुकूमशहानं धर्मावरच बंदी घातली त्या वर्षांसाठी सुचेतानं नुसता काळा कागद डकवलेला. पुढे नव्वदनंतर दारं उघडली आणि इकडून मदतीच्या व्हॅन गेल्या, त्यांची चित्रं. अगदी शेवटी एक फोटो: सात वर्षांची पोर, बारीक कापलेले केस, हातात चित्रांचं पुस्तक. खाली सुचेताच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: 'वाल्बोना. १९९७च्या दंगलींच्या धुमाकुळात अनाथ झाली. देवाशिवाय हिला कुणी नाही.' दर हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या भक्तीत सुचेता या पोरीची गोष्ट सांगायची आणि लोक डोळे पुसायचे. त्या गोष्टीवरच तिचा मान उभा होता.

एका गुरुवारी चॅपलमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या लंच क्लबला एक नवी केअरर आली, स्टॅनमोरच्या एका म्हाताऱ्या बाईंची व्हीलचेअर ढकलत. भिंतीपाशी ती थांबली ती थांबलीच. मग सूप वाढणाऱ्या सुचेतासमोर येऊन म्हणाली, "तो फोटो माझा आहे. माझी आई जिवंत आहे. ग्रीसला कामाला गेली होती, म्हणून मला मिशनच्या होममध्ये ठेवलं होतं. ती रविवारी इथे येतेय. त्याआधी ते बदला."

सुचेतानं पळी खाली ठेवली नाही. "मिशननं तुला खाऊ घातलं, शिकवलं. ते नसतं तर कुठे असतीस तू?"

"खाऊ घातलं, हे मी नाकारत नाही. आईला मारलं, ते बदला."

"ती भिंत कमिटीची आहे. कुणीही यावं आणि बदलावं, अशी धर्मशाळा नाही ही."

"अक्षर कुणाचं आहे?" वाल्बोनानं विचारलं. ज्या हातात पळी होती त्या हाताकडे ती बघत होती.

घरी आली तरी सुचेता धुमसत होती. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणाली. या लोकांना उपकाराची जाणीवच नाही, असंही म्हणाली. तिचा नवरा शशिधर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अगं, फाईल काढू का?"

"कशाला?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

ती त्याच्यावर इतकी ओरडली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. फाईलमध्ये काय आहे ते तिला पाठ होतं. २००१चं मिशनचं पत्रक. त्यात एकच ओळ: वाल्बोनाची आई परत आली, मुलीला घेऊन गेली. हार्वेस्ट पंधरा दिवसांवर होता तेव्हा. सुचेतानं ओळ वाचली, पत्रक फाईलला लावलं आणि गोष्ट होती तशीच सांगितली. पुढेही तशीच सांगत राहिली.

आणि तिला हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? तिच्या आजोबांनाही मिशनच्या जुन्या अहवालात दुष्काळातला अनाथ म्हणून छापलं होतं. आजोबांची आई मात्र दर रविवारी कंपाउंडच्या कुंपणापाशी भाकरी घेऊन उभी राहायची. आजोबांनी मरायच्या आधी हे फक्त सुचेताला सांगितलं होतं. तेव्हा तिनं त्या अहवाल लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

रविवारी वाल्बोना आईला घेऊन आली. आई ठेंगणी, पायानं अधू, कोट गळ्यापर्यंत बंद. भक्ती संपली तशी सुचेता उठली. कमिटीतल्या एकानं बाही ओढून "आज नको" म्हटलं. तिनं बाही सोडवून घेतली.

"या मुलीची आई मेली नव्हती," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तेवीस वर्षं मला ते माहीत होतं. मी तुम्हाला खोटं सांगत आले."

कुणी डोळे पुसले नाहीत. मंडळीतले दोघं उठून बाहेर गेले. वाल्बोना आईच्या कानाशी हळू बोलत होती. आईनं काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय," वाल्बोना म्हणाली, "तुमच्याकडे ती एकूण किती वर्षं मेलेली होती?"

"सत्तावीस," सुचेता म्हणाली.

आईनं मान हलवली. ती लंगडत भिंतीपाशी गेली, पिना काढून फोटो पर्समध्ये ठेवला. मग खालची चिठ्ठी काढली, परत आली आणि सुचेताच्या हातात दिली. या वेळी ती स्वतःच बोलली, मोडक्या इंग्रजीत.

"हे तुमचं आहे."