चिंचेखाली नाव घ्यायचं नाही

"चिंचेखाली कोणाचंही नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही!"

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत निसर्ग-अभ्यास शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मला आधी हा नियम सांगितला आणि मग वेळापत्रक दिलं! आवारातल्या चिंचेच्या ढोलीत पांढऱ्या तोंडाचं घुबड राहायचं. नाव कानावर पडलं की ते रोज घोकतं आणि तो माणूस झिजत जातो, म्हणे. दगडही मारायचा नाही. घुबड तो झेलून पाण्यात टाकतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो!

मी अमरावतीहून बी.एस्सी. करून आलेली. अशा शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत, एक सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो.

*

पहिल्याच तासाला मी विचारलं, "आपल्या गावात कोणते प्राणी-पक्षी राहतात?"

"वाघ!" "हत्ती!"

"अगं, अकोल्यात?"

पुढच्या बाकावरची शकू उठली. वकिलांची लेक, भारी चुणचुणीत. "बाई, प्राणी चिखलदऱ्याले असतात. अकोल्यात फक्त डास!"

तिच्या पाठीमागे, खिडकीत, एक खार बसून तिचं उत्तर ऐकत होती!

वर्ग हसला. मला मात्र धास्ती वाटली. शाळेचं छत गळलं की घुबड, नळाला पाणी आलं नाही की घुबड! एक ना एक दिवस शाळेची कमिटी ती चिंच तोडणार. आणि तिच्यावर कोण राहतं हेच या पोरींना माहीत नसेल, तर रडणार तरी कोण?

*

मी वर्ग चिंचेखाली न्यायला लागले. पण हजेरी कशी घेणार? मोठ्या बाईंनी तोडगा काढला, नंबरानं बोलवायचं! खेळाच्या तासालाही तेच. "सतरा नंबर, चेंडू टाक ना वं!"

एकदा तपासणीला साहेब आले. ऐकून चक्रावलेच. "ही शाळा आहे की जेल?"

मोठ्या बाई ताठ उभ्या. "शिस्त आहे, साहेब!"

*

घुबड उंदीर गिळतं आणि हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं. झाडाखालचे ते गोळे मी मुलींकडून फोडून घेतले. आत उंदरांच्या कवट्या! शकूनं आपल्या वाट्याच्या कवट्या रुमालात बांधून घरी नेल्या.

दुसऱ्या दिवशी तिची आई दारात. "काय वं बाई! माह्या पोरीले शाळेत उंदराची मुंडकी देता?"

मी घाबरतच सगळं समजावलं. शेजारी कापसाचं जिनिंग, तिथं सरकीचे ढीग, म्हणून उंदीर, म्हणून घुबड. माउली इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "मंग आमच्या घरी धाडा ना त्याले. आमची मांजर तं काहीच कामाची नाई!"

*

आणि यंदा मॅट्रिकचा निकाल घसरला. दोष कोणाचा? घुबडाचा!

कमिटीचे अध्यक्ष अप्पासाहेब दोन सभासदांना घेऊन चिंचेखाली आले. ढोलीत पिल्लं फिसफिसत होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं.

"आधी त्याले हाकला. उद्या झाड पाडू," अप्पासाहेब कुजबुजले.

पण दगड कोण मारणार? तिघंही एकमेकांकडे पाहायला लागले. मग अप्पासाहेबांनी एक दगड उचलून माझ्या हातावर ठेवला. "बाई, तुमचा तं या गोष्टीवर विश्वास नाई ना? मंग हाना!"

"का बावा, सायन्सवाल्या बी भेतात काय?" एका सभासदानं टोमणा मारला.

मोठ्या बाई माझ्या कानाशी आल्या. "मार बाई. नोकरी अजून कायम व्हायची आहे तुझी."

वर्गाच्या खिडक्यांत मुलींची गर्दी झाली होती. शकू सगळ्यांत पुढे.

मी दगड खाली ठेवला. ढोलीकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"मी कमल नामदेव वानखडे! मी दगड मारणार नाही!"

ढोलीतली फिसफिस थांबली.

मी वळले. "आता ज्यांना झाड पाडायचं आहे, त्यांनी इथंच उभं राहून आपलं नाव सांगावं. मोठ्यानं!"

अप्पासाहेबांनी वर पाहिलं. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं पिल्लं पुन्हा फिसफिसायला लागली. खाली मात्र कोणीच आपलं नाव घेईना.