प्रेस मशीनवरची नववी सूचना

"लई भारी लिवलंय मॅडमनी, कुनालाच कळंना," प्रेस मशीनवरचे मामा शेजारच्याला म्हणाले. मी पाठमोरी उभी होते, म्हणून ते मनापासून बोलले.

"मग पूजा करा की त्याची!" शेजारचा हसला.

"केली ना खंडेनवमीला, मशीनसंगं."

नागापूरच्या त्या कारखान्यात मशीन चालवण्याच्या सूचना लिहिणं हे माझं काम होतं. मी इंग्रजी शाळेतली. वाक्य जितकं लांब तितका लिहिणारा हुशार, अशी माझी समजूत होती. "ऑपरेटरने योग्य ती दक्षता घेणे अपेक्षित असून" असं सुरू झालेलं माझं वाक्य पानाच्या तळाशीच दम घ्यायचं. साहेब त्यावर खूश होते. त्यांनी पत्रक लॅमिनेट करून मशीनशेजारी टांगलं. तिथं त्याला हळदकुंकू मिळालं, वाचक मात्र मिळाला नाही.

तो त्या दिवशी मिळाला. अकोल्याहून नव्यानं कामाला आलेल्या एक ताई ओळीवर बोट ठेवून पत्रक वाचत होत्या आणि लिहिलंय तसंच करत होत्या. आठवी सूचना होती, अडकलेला पत्रा हाताने काढावा. त्यांनी चालू मशीनमध्ये हात घातला. आधी वीज बंद करावी, हे मी नवव्या क्रमांकावर, टीप म्हणून लिहिलं होतं.

कॉलेजच्या तोंडी परीक्षेत माझा आवाज समोरच्या सरांपर्यंतही पोचत नसे. त्या दिवशी तो अख्ख्या शेडनं ऐकला.

"ताई, हात काढा! मी चुकीचं लिहिलंय!"